कपातदादा

जोमादादा मढवींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या डोक्यातून रक्ताची धार लागली होती आणि ते माझ्याशी टाक्यांवरून घासाघीस करत होते.

"पाच कशाला? तिनात भागल."

"भागणार नाही. हाड दिसतंय."

"मंग चार घाला. चाराच्या वर नको."

शिरवण्यात दवाखाना उघडून मला आठवडाही झाला नव्हता. मी साताऱ्याकडची. नवरा शेजारच्या पावणे गावात रंगाच्या एका कारखान्यात केमिस्ट होता, म्हणून आम्ही या खाडीकाठी आलो होतो. समोर बसलेला काळा, दांडगा, कुस्तीत कान मोडलेला माणूस मला मिठागरावरचा कुणी भांडकुदळ मुकादम वाटला. त्यांच्याबरोबर आलेल्या बाईंनी माझ्या कानाशी वाकून सांगितलं, "डाक्टरीनबाय, ते आमदार हायत. माजे मालक. तुमी पाच घाला, त्यांचा ऐकू नका."

झालं होतं असं की शाळेच्या खोल्यांसाठी आलेलं सरकारी सिमेंट गोदामातून निघून एका खाजगी शेडकडे चाललं होतं. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं, आणि शेडवाल्यांना घाई होती. दादांना कुणीतरी खबर दिली. ते रस्त्यात ट्रकपुढे जाऊन उभे राहिले. क्लीनर टॉमी, म्हणजे चाक खोलायची लोखंडी पहार, घेऊन उतरला आणि त्यांच्या डोक्यात घातली. दादा पडले, पण पडता पडता त्यांनी बंपरला मिठी मारली. ड्रायव्हरने गाडी मागे घेतली तरी मिठी सुटली नाही. कोपरांची सालटी निघाली. तेवढ्यात गाव धावून आलं आणि क्लीनरला इतकं बदडलं की त्यालाही माझ्याकडेच आणावं लागलं. तो शेजारच्या बाकावर कण्हत होता.

"आदी त्याचा बघा," दादा म्हणाले. "तो पगारी मानूस हाय. ज्यानी सिमेंट इकला तो घरान बसून चाय पितो हाय."

पुढची सहा-सात वर्षं मी या माणसाला मुख्यतः जखमी अवस्थेत पाहिलं. शिवाय त्यांनी जखमी केलेली माणसंही पाहिली, कारण दादांचा स्वतःचा हात फार चालायचा. एका ओव्हरसिअरला त्यांनी त्यानेच पास केलेल्या कच्च्या भिंतीवर उभं करून, "आता तूच नाच, बघू पडते का," म्हणून नाचायला लावलं होतं. भिंत पडली, ओव्हरसिअरचा घोटा मोडला. प्लॅस्टर मी घातलं. दादा दाराशी उभे राहून त्याला म्हणाले, "पायाची माफी मागतो. भिंतीची नाय मागनार."

शिक्षण मॅट्रिक. तरुणपणी पनवेलच्या कोर्टात काही वर्षं कारकुनी केली होती, तिथे सरकारी कागद वाचायची चटक लागली. त्यांच्या दोन भाषा होत्या. गावात गावची, आणि विधानसभेत एकदम स्वच्छ, सावकाश, पुस्तकी मराठी. पक्ष नव्हता, अपक्ष निवडून यायचे. अधिवेशनाच्या आधी अंदाजपत्रकाची जाडजूड पुस्तकं मिळायची, ती गोणीत भरून एसटीतून आणायचे आणि स्टँडपासून घरापर्यंत गोणी डोक्यावर. मग ओटीवर पालथं पडून वाचन सुरू. एखाद्या खात्याने मागितलेली रक्कम कमी करा असा ठराव आमदाराला मांडता येतो, त्याला कपात सूचना म्हणतात. दादा त्या इतक्या मांडायचे की सभागृहात त्यांना 'कपातदादा' नाव पडलं आणि ते गावापर्यंत पोचलं. दादांच्या पत्नी मथुरावहिनी म्हणायच्या, "माजे घरान कोंबरी कापायची म्हनली तरी आदी कपात सूचना येते."

मार्च महिन्यात ते पिसाळायचे. वर्ष संपायच्या आत पैसे खर्च झाले पाहिजेत म्हणून खाती घाईघाईने खरेदी करायची, रस्ते उकरायची, चांगले कंपाउंड पाडून नवे बांधायची. "डाक्टरीनबाय," एकदा त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मार्च आला का सरकारला जुलाब व्हतान. तुमच्याकरं गोली हाय का?"

आमदारांचा भत्ता वाढला तेव्हा विरोधात एकटे दादा उभे राहिले. लॉबीत कुणीतरी त्यांना भिंतीवर ढकललं, दोघांत धरपकड झाली, दादांचा शर्ट फाटला. त्यांच्या ओटीवर मी विचारलं, मग वाढीव भत्ता घेणार की नाही?

"घेनार. माजा विरोध पडला ना? ठराव पास झाला. कायदा म्हंजे कायदा. मथुराला दिला."

"मना?" आतून आवाज आला. "कवा दिला?"

हा हट्ट कुठून आला ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही पाठीवरचं गळू कापून घेताना, दुखू नये म्हणून बोलत राहावं तसं. नवं शहर वसवण्यासाठी त्यांची, त्यांच्या भावाची, सगळ्या गावाची जमीन घेतली गेली होती किंवा जाणार होती. "आमाला सांगला, सरकारकरं पैसा नाय, हाय त्यात समाधान माना. मानला. आनि आता त्याच जमिनीवर एक खड्डा तीनदा भरतान, तीनदा बिल काढतान. पैसा नवता ना? मंग ह्यो कुठला? सरकार पैसा छापता, बाय, घाम छापत नाय."

माझं आणि त्यांचं खरं भांडण झालं ते दवाखान्यावरून. माझा नव्हे, सरकारी. गावाबाहेरच्या माळावर मोठा दवाखाना व्हायचा होता. त्यासाठी एक कोनशिला बसली होती, मग सरकार बदललं म्हणून दुसरी बसली. आता तिसऱ्यांदा मंत्री येणार होते. कमानी, मंडप, जेवणावळ. मला व्यासपीठावर खुर्ची होती आणि मी आनंदात होते. अडलेल्या बाया टेम्पोत घालून ठाण्याला पाठवायचा मला वीट आला होता.

मंत्र्यांनी फीत सोडली, पडदा सरकला, टाळ्या झाल्या. इतक्यात दादा गर्दीतून आले. हातात दगड फोडायचा घण. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी तो कोनशिलेवर घातला. संगमरवर फुटला. दुसऱ्या घावाला त्याची कपची उडाली आणि शेजारच्या पोलीस शिपायाच्या गालात घुसली. मला आजही तो गाल दिसतो. आतले दात दिसत होते.

मग लाठीमार झाला. मंडपाच्या कनाती पडल्या, त्यांच्याखाली माणसं सापडली, वरून लाठ्या. दुपारभर मी माझ्या दवाखान्यात जखमा शिवत होते. दादा त्या शिपायाचा हात धरून बसले होते. तिथेच त्याचे सहकारी आत शिरले आणि त्यांनी दादांना माझ्या टेबलाखाली घालून बुटांनी तुडवलं. मी किंचाळत होते. दादा हू की चू करत नव्हते. शिपाईच शेवटी उठून आडवा गेला, गालात अर्धवट दोरा लोंबत असताना.

पोलीस गेल्यावर मी दादांवर तोंड सोडलं. "समाधान झालं? तुमच्यामुळे आता दवाखाना आणखी पाच वर्षं लांबला!"

"लांबला नाय, बाय." त्यांचा ओठ फाटला होता, शब्द नीट येत नव्हते. "तो येनारच नवता. तिन्ही वेला मंडपाचा खर्च मंजूर हाय. इमारतीचा एक पैसा नाय. मी पुस्तकान बघला."

ते खरं होतं. मी नंतर स्वतः पाहिलं. तरीही त्यांच्याशी महिनाभर बोलले नाही. खरं असणं आणि पटणं यात अंतर असतं. शिवाय त्या गालाचा हिशेब कुठल्याच पुस्तकात नव्हता. दादांना ते ठाऊक असावं; शिपायाच्या घरी ते पुढे जात राहिले, आणि त्याची आई त्यांना दारातूनच शिव्या देऊन परत पाठवत राहिली.

आता बांधाचं सांगते.

शिरवण्याच्या खाली खाडीला लागून भातखाचरं होती. संपादनाच्या नोटिसा आल्या होत्या, पण जमीन अजून पिकत होती आणि गाव तिच्यावर जेवत होतं. खाडीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून एक लांब बांध होता. तो जुना झाला, तेव्हा दुरुस्तीचं काम निघालं. कंत्राट पावण्याच्या बबनशेठला मिळालं. आत दगडाचा गाभा आणि वरून माती, असं ठरलं होतं. बबनशेठने गाभ्यात चिखल आणि गवत भरलं आणि बाहेरून दगडाची एक रांग लावली.

दादांनी विधानसभेत प्रश्न लावला. खात्याने बिल थांबवलं. एवढ्यावर राहिलं असतं तर ठीक होतं. दादांनी कामही थांबवायला लावलं. चौकशी होईपर्यंत बांधाला कुणी हात लावायचा नाही. मधला एक तुकडा उघडाच राहिला, आणि पावसाळा तोंडावर आला.

गावदेवीच्या देवळात बैठक झाली. एका म्हातारीला ताप होता, तिला बघायला गेले होते, म्हणून मी बाहेर पायरीवर होते. दादांचा धाकटा भाऊ धाऊ उभा राहिला. धाऊ म्हणजे दादांच्या अगदी उलट. हळू बोलणारा, लाजरा, वीतभर छातीचा.

"दादा, चिखलाचा बांद पन बांदच हाय. आता त्याला पुरा करू दे. पावसालो गेला का फोर, काय फोरायचा तो."

"आनि पैसा?"

"पैसा जाऊ दे रं, दादा. यंदाचा भात तर राहील."

"जाऊ दे? कोनाचा जाऊ दे?" दादांचा आवाज चढला. "चोराला आर्धा पैसा दिला म्हनून तो आर्धा चोर व्हत नाय, धाऊ. दगुड आनल, मंगच काम."

"बबन दगुड आननार नाय. उधान मातर येनार."

 धाऊ खाली बसला. मोठ्या भावापुढे एवढं बोलायचीही त्याला सवय नव्हती.

श्रावणातल्या अमावास्येला भरदुपारी उधाण आलं. वरून पाऊस, समोरून खाडी. गावातले बापये रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरून उघड्या तुकड्यावर रचत होते. धाऊ सगळ्यांत पुढे, कमरेएवढ्या पाण्यात बांबू रोवत होता. दादाही तिथेच होते, गोण्या देत. बांध फुटला तेव्हा तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. तो मी दवाखान्यात ऐकला. बांबू, गोण्या आणि धाऊ एकदम आत खेचले गेले. दादांच्या हातात धाऊची बंडी आली.

धाऊ दुसऱ्या दिवशी ओहोटीला तिवरांच्या झाडीत सापडला. बांबू बरगड्यांतून आरपार गेला होता. तो मी बाहेर काढला. शेजारी दादा उभे होते आणि त्यांनी एकदाही नजर वळवली नाही.

तेरावं व्हायच्या आतच गाव त्यांच्या घरावर चालून गेलं. खाचरांत खारं पाणी उभं होतं, रोपं काळी पडली होती. दगडांनी कौलं फुटली. मथुरावहिनी दार लावायला धावल्या, त्यांच्या मनगटावर दगड बसला आणि हाड तुटलं. त्यांचा आवाज ऐकून दादा बाहेर आले. हात उचलला नाही. ज्या माणसाचा हात असा चालायचा तो माणूस दोन्ही हात सोडून अंगणात उभा राहिला, आणि त्यामुळे लोकांना अधिकच चेव आला. लाथा, काठ्या. मग धाऊचा मुलगा जगन पुढे आला, वीस-बावीस वर्षांचा, बापाच्या होडीचं वल्हं घेऊन. त्याने ते सरळ तोंडावर मारलं.

डावा डोळा गेला. मला बोलावणं आलं तेव्हा तो वाचवण्यासारखा उरलाच नव्हता. ठाण्याच्या इस्पितळात तो काढून टाकावा लागला. फौजदार जबाब घ्यायला आले तेव्हा मी तिथे होते.

"कुणी मारलं?"

"पायरीवरून पडलो."

"डोळा पायरीवर आपटला? आणि बायकोचं मनगट?"

"तीपन पडली. पायरी सरकारी कामातली हाय, साहेब. लय वाईट बांदलीन."

फौजदार हसले नाहीत. दादाही हसले नव्हते.

पट्टी सुटायच्या आतच अधिवेशन आलं. जखम पाझरत होती, जाऊ नका असं मी सांगितलं. "मंग तुमी चला," ते म्हणाले. अशा रीतीने मी एसटीने मुंबईला गेले आणि प्रेक्षकांच्या सज्जात कापसाची पिशवी मांडीवर घेऊन बसले.

बांधाचा विषय निघाला. मंत्र्यांनी तयार उत्तर वाचलं: नैसर्गिक आपत्ती. दादा उठले. अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी, एका हाताने बाक धरलेला. आणि ती सावकाश, स्वच्छ मराठी सुरू झाली.

"अध्यक्ष महोदय, ही आपत्ती नैसर्गिक नाही. कंत्राटदाराने दगडाऐवजी चिखल भरला, अभियंत्याने तो पाहून सही केली. दोघांकडून वसुली व्हावी. परंतु काम पूर्ण थांबवा, असा आग्रह मी धरला होता. बिल थांबवणं बरोबर होतं. काम थांबवणं चूक होतं. त्यामुळे एक माणूस गेला. चौकशीत तिसरं नाव माझं घालावं."

एकदम गोंधळ झाला. राजीनामा द्या, नाटक बंद करा, असे ओरडे. कुणी कागदाचा बोळा फेकला, तो त्यांच्या पट्टीवर लागला. मी सज्जात उभी राहिले, शिपायाने मला खाली बसवलं. अध्यक्षांनी घंटा वाजवली. दादा उभेच होते. "गेलेला माणूस माझा भाऊ होता," असं ते म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. ते म्हणाले नाहीत. जणू त्याने हिशेबात सूट मिळाली असती.

परत येताना खाडीपुलावर मी त्यांना ते विचारलं.

"भाऊ म्हनलो असतो तर त्यांनी दया केली असती," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "दयेचा काय करू?"

चौकशी झाली. बबनशेठला काळ्या यादीत टाकलं, अभियंत्याची बदली झाली. अहवालात दादांचं नाव कुठेच नव्हतं. त्यांनी त्यावर पुन्हा प्रश्न लावला. तो फेटाळला गेला.

पुढच्या निवडणुकीत ते पडले, अनामत रक्कमही गेली. निकालाच्या संध्याकाळी विजयी उमेदवाराची मिरवणूक त्यांच्या दारावरून गेली, कुणीतरी पेटती फटाक्यांची माळ ओटीवर फेकली. मथुरावहिनींच्या लुगड्याला आग लागली. दादांनी ती हातांनी विझवली. तळहात भाजले. दुसऱ्या दिवशी ते माझ्यासमोर पट्टी बांधून घेताना म्हणाले, "मोजनी बरोबर झाली. मी बघला."  

नंतर आमची बदली गुजरातेत झाली. निघायच्या आधी, हिवाळ्यात, मी एका बाळंतिणीला बघायला खाडीच्या बाजूला गेले होते. फुटलेला बांध नव्याने बांधायचं काम चाललं होतं. ट्रकमधून दगड ओतले जात होते. बाळंतिणीच्या अंगणातून मला ते सगळं दिसत होतं.

ओहोटी होती. बांधाच्या पायथ्याशी, जिथे धाऊ गेला तिथे, दादा छातीएवढ्या चिखलात उतरले होते. हातात लांब बांबू, तो ते गाभ्यात खुपसून बघत होते, दगड लागतो की नाही ते. कमरेला जाड दोर बांधलेला. दोराचं दुसरं टोक वर बांधावर उभ्या असलेल्या जगनच्या हातात होतं. बाळंतिणीच्या सासूने मला हळूच सांगितलं, "दोगा बोलत नाय अजून. पन रोज येतान."

नवा मुकादम बाहेरगावचा होता. तो वरून ओरडला, "ओ म्हातारबा! काय चाललंय? आमच्या कामात काड्या घालू नका. तुमी कोन? खात्याचे का?"

"नाय."

"मग पुढारी?"

"नाय."

"मग आहात तरी कोन?"

दादांनी मान वर केली. उन्हामुळे त्यांचा उरलेला डोळा बारीक झाला होता. "धाऊचा भाव," ते म्हणाले, आणि बांबू उपटून हातभर पुढे सरकले. तिथे चिखल खोल होता; ते एकदम खांद्यापर्यंत खाली गेले. मुकादम पुढे झुकला.  जगनने दोराचा एक वेढा मनगटाला घेतला, टाचा बांधाच्या दगडात रुतवल्या आणि मागे रेलून उभा राहिला.